दर तिसरी ओवी

मला ते स्तोत्र येतं, पण सगळं येत नाही. दर तिसरी ओवी येते. दुसरी, पाचवी, आठवी, अकरावी, अशा माझ्या ओव्या. झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा म्हणेन. पहिली कशी सुरू होते म्हणून विचाराल तर मात्र तुमच्या तोंडाकडे बघत बसेन.

हे असं झालं चिमणीच्या दम्यामुळे. चिमणी माझी मैत्रीण. अंगाने एवढीशी, टपाल कचेरीत खिडकीमागे बसायची तेव्हा बाहेरच्या माणसाला नुसते तिचे हात दिसायचे. दुसरी मैत्रीण मास्तरीण. तिची शाळा सुटून कैक वर्षं झाली, पण अजून तिच्यासमोर जांभई द्यायची आमची छाती होत नाही. तिसरी मी, ब्लाऊज शिवणारी. उजाडता उजाडता मास्तरणीच्या मागच्या ओट्यावर बसायचं, तिघींनी स्तोत्र म्हणायचं आणि मगच चहाला तोंड लावायचं, हा आमचा नेम. चिमणीला सलग म्हणताना धाप लागायला लागली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही दोघी म्हणा गं, मी आपली ऐकते."

मास्तरीण भडकली. "वर्गात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, हे माझ्याकडे चालणार नाही. ओव्या वाटून घेऊ. पहिली मी, दुसरी ही, तिसरी तू. दोन ओव्या तुला विश्रांती."

तेव्हापासून तसंच चालत आलं. एकीचं शेवटचं अक्षर हवेत असतानाच दुसरीने उचलायचं, मध्ये फट पडू द्यायची नाही, हा मास्तरणीचा दंडक. इतकी वर्षं असं म्हटल्यावर बाकीच्या दोघींच्या ओव्या कानात राहिल्या आणि जिभेवरून गेल्या. पाठ पुरा होईपर्यंत पाण्याखेरीज पोटात काही घालायचं नाही, हाही नेमातलाच भाग. पण उजाडल्यावर घटकाभरात चहा हातात येतच असे. त्यामुळे आपण काही कडक व्रत करतो आहोत असं आमच्या कधी मनातही आलं नाही.

मग मी मुलाकडे परदेशात राहायला आले.

घर तिसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी, पाय ठेवला की प्रत्येक पायरी आपापल्या आवाजात कुरकुरते. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात, पण तिथलं कुणी आपल्याकडे बघत नाही. कपडे धुवायचं यंत्र तळघरात, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक. तिथे भेटणाऱ्या बायका हसून मान हलवतात, मीही हलवते, आणि दोघींचं बोलणं तिथेच संपतं. चिरंजीव सकाळी जातात, संध्याकाळी येतात. आणि सूनबाई बस चालवतात.

हो, बस. शहरातली, लांबलचक, मध्ये वाकणारी. आधी ऐकलं तेव्हा मला वाटलं, तिकिटं देत असेल. तिने फोनवर फोटो पाठवला, स्टिअरिंगच्या चक्रामागे रुंद होऊन बसलेली. मास्तरीण तो फोटो कितीतरी वेळ बघत होती. "माझ्या वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसवली असती," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

निघताना डोळे पुसत असलेल्या आम्हा दोघींना तिनेच दटावलं होतं. "रडता काय? फोन आहे की. आपल्याकडे उजाडतं तेव्हा हिच्याकडे दिवे लागतात. दिवे लागले की हिनं फोन लावायचा, इकडे आम्ही बसतो. पाठ मोडायचं कारण नाही."

ऐकायला अगदी सोपं. पण फोनवर माझा आवाज तिकडे दोन श्वास उशिरा पोचायचा. मास्तरणीची ओवी संपली की मी उचलायची. ती तिकडे ऐकू जायच्या आत चिमणीला वाटायचं, ही अडली. मग ती स्वतःची सुरू करायची. तेवढ्यात माझी पोचायची. मग चिमणी थांबायची, मी थांबायची, आणि दोघी पुन्हा एकदमच सुरू व्हायचो.

"अगं तू थांब!"

"मी थांबलेच आहे, तू म्हण!"

"गप्प बसा दोघी! पहिल्यापासून!" हा मास्तरणीचा आवाज, तोही उशिराच.

देवालासुद्धा कळत नसेल, आज कुणाचं ऐकायचं. तरी ओढत ओढत आम्ही रोज शेवटाला पोचत होतो.

आता पाठ दिवेलागणीला, म्हणजे चहाही दिवेलागणीला. माझा हिशेब सरळ होता. सून कामावर जाताना माझं दुपारचं ताट झाकून जायची. मी ते फ्रीजमध्ये मागे सारून ठेवायची, पाठ झाला की गरम करून जेवायची, आणि रात्री सांगायची, "दुपारी अंमळ जास्तच झालं, आता नको." अन्न वाया जात नव्हतं, खोटंही फारसं नव्हतं. एकदा मात्र कपड्यांची बादली घेऊन जिना चढताना पायऱ्या डोळ्यांपुढे पाण्यासारख्या हलायला लागल्या आणि मी मध्येच बसले. नेमकी सून वरून खाली येत होती. "काय झालं आई?" "काही नाही गं, जिना मोजत होते," मी म्हटलं. तिने बादली उचलली आणि परत वर चढली.

थोड्या दिवसांनी एका संध्याकाळी मी फोन लावला तर मास्तरणीने नेहमीसारखं 'बस गं' म्हटलं नाही.

"उद्यापासून फोन लावू नकोस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे लावू नकोस. ही रोजची ओढाताण आता पुरे. इथलं आम्ही बघतो. तू तिकडची हो."

"अगं, पण माझ्या ओव्या?"

"ओव्यांचं आम्ही बघू."

फोनच्या पडद्यावर चिमणी तिच्या शेजारीच दिसत होती. मान खाली घालून पदराशी खेळत होती. फोन बंद झाला.

त्या आधीच चिमणीने मला सांगितलं होतं, की मास्तरणीच्या वरच्या खोलीत नवी भाडेकरीण आली आहे. वयाने लहान, आवाज गोड, आणि सकाळची ओट्यावर येऊन बसते. मी काय समजायचं ते समजले. माझी ओट्यावरची जागा तिला, माझ्या ओव्याही तिलाच.

मी रुसले, पण रुसून सांगणार कुणाला? सकाळी पोथी उघडून एकटीच वाचायला लागले. पहिली ओवी वाचायची. दुसरी आली की पोथीतून नजर आपोआप सुटायची, आवाज वर चढायचा, आणि तिच्या शेवटाला जीभ टाळ्याला टेकून उभी राहायची. पुढची ओवी डोळ्यांसमोर छापलेली असायची, पण तोंड उघडायचं नाही. ती माझी नव्हतीच मुळी. वाचन होत होतं, पाठ होत नव्हता. पाठ नाही तर नेम नाही, आणि नेमच नाही तर उपास तरी कशाचा? मी मुकाट्याने सकाळी चहा घ्यायला लागले, दुपारी जेवायला लागले. सून घरी आली की पहिलं विचारायची, "आई, जेवलात?" हो म्हटलं की अशी काही खूश व्हायची, जणू तिलाच बढती मिळाली. मला ते जरा लागायचंच. इथे माझं काय गेलंय आणि हिला ताटाचं पडलंय!

शेवटी मी चिरंजीवांना म्हटलं, "माझं परतीचं तिकीट काढ."

तो घाबरला. "का गं? इथे काही कमी पडतंय का?"

"देवाच्या दयेनं इथे सगळं आहे. पण तिकडची माझी जागा जातेय."

"जागा? आपल्या घरात कुणी घुसलंय का? मी आत्ताच्या आत्ता वकिलांना फोन करतो."

"अरे, वकिलांना काय करायचंय! ओट्यावरची जागा."

"ओट्यावर कुणी अतिक्रमण केलंय?"

सून दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "तू जरा गप्प बस. आई, उद्या रविवार, माझी सकाळची पाळी आहे, गर्दी नसते. माझ्याबरोबर बसमध्ये चला. तिकिटाचं परत आल्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी तिने मला इतक्या लवकर उठवलं, की आंघोळ आणि देवाला नमस्कार एवढंच झालं. चहाचं नाव काढलं तर म्हणाली, "थर्मासमध्ये घेतलाय. वाटेत."

डेपो म्हणजे एक भलं मोठं छप्पर आणि त्याखाली ओळीने उभ्या झोपलेल्या बसगाड्या. डिझेलचा आणि ओल्या रबराचा वास. सुनेने कामाचं जाकीट चढवलं. त्याची उसवलेली बाही मीच शिवून दिली होती. टाके बाहेरून दिसत नाहीत ना, हे मी हळूच बघून घेतलं. मग तिने आपल्या बसभोवती एक पूर्ण फेरी मारली. सावकाश, बस उजव्या हाताला ठेवून. प्रत्येक चाकाशी वाकली, दिव्याच्या काचेवरून तळवा फिरवला, दार उघडून मिटवून पाहिलं. माझे हात नकळत जोडले गेले.

"प्रदक्षिणा घालतेस होय गं?"

"टायर बघतेय आई," ती हसली. "पण रोज घालते. चुकवत नाही."

मी तिच्या मागच्या पहिल्या बाकावर बसले. तिथून मला तिचे हात दिसत होते आणि आरशात अर्धा चेहरा. घरात हीच मुलगी डब्याची झाकणं सापडत नाहीत म्हणून ओरडत असते. इथे मात्र तिचा खांदासुद्धा उगाच हलत नव्हता. एवढं मोठं धूड अरुंद गल्लीच्या वळणावर तिने असं आणलं, की मी श्वास धरून बसले. सुईत दोरा ओवताना धरते तसा. दोन्ही बाजूंना उभ्या मोटारींना धक्का न लावता दोरा पार गेला.

एका थांब्यावर चाकांच्या खुर्चीत बसलेले एक आजोबा होते. सुनेने कुठलं तरी बटण दाबलं, आणि फुस्स करून सगळी बस त्यांच्या बाजूला कलली. हत्तीने लहान मुलासाठी गुडघा टेकावा तशी. मग ती स्वतः उतरली, दारातली फळी टाकली, त्यांना आत घेतलं, खुर्चीचा पट्टा ओढून बघितला. आजोबा तिला काहीतरी म्हणाले आणि ती खळखळून हसली.

"काय म्हणाले गं?" मी नंतर विचारलं.

"म्हणाले, आज मागे बसलेल्या तुमच्या साहेब आहेत का? फार बारकाईनं बघताहेत."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्याहून मोठ्या आहेत. सासूबाई आहेत."

मी पदर सावरून बसले. ओट्यावर मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. परत निघायला थोडा अवकाश होता. तिने इंजिन बंद केलं आणि फोन कानाला लावला. कुणीतरी तिकडून भराभरा बोलत होतं. ती ऐकून मोठ्याने हसली, "ए खोटारडे!" म्हणाली, काहीबाही बोलून फोन खाली ठेवला.

"कोण गं?"

"माझी मैत्रीण. हॉस्टेलमधली. ती कामावर असते तेव्हा मी झोपलेली, मी उठते तेव्हा तिची मुलं अंगावर. म्हणून आम्ही आवाज भरून पाठवतो. ती आज बोलते, मी उद्या ऐकते. इकडे आल्यापासून एकदाही समोरासमोर बोललो नाही, पण एक भांडण अजून चालू आहे."

मी तिच्याकडे बघत राहिले. मैत्रिणी फक्त माझ्याच मागे राहिल्या आहेत, असं मी धरून चालले होते. ही माझ्या किती आधी आली! हिने कधी कुणापाशी तोंड वाकडं केलं नाही. तिचं सगळं या थांब्यावर, एका थर्मासच्या कपाबरोबर चालत होतं.

मग ती माझ्या शेजारी येऊन बसली. फोन दोन्ही हातांत धरून.

"आई, मी एक आगाऊपणा केलाय. रागावू नका. म्हणजे रागवा, पण आधी ऐका."

"बोल."

"मी दुपारी घरी यायचे तेव्हा भांड्यांच्या जाळीत तुमचं ताट नसायचं. धुतलेलं नाही, खरकटं नाही, काहीच नाही. मग त्या दिवशी तुम्ही जिन्यात बसलात. मला कळेना कुणाला विचारू, म्हणून मी मास्तरीणकाकूंना फोन केला. त्यांनी ऐकल्याबरोबर कपाळाला हात लावला. म्हणाल्या, पाठ होईपर्यंत जेवत नाही ती, आणि हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. म्हणाल्या, नेमाच्या बाबतीत ती शुद्ध गाढव आहे."

"गाढव?"

"शुद्ध गाढव. हे त्यांचे शब्द आहेत, मी नुसते पोचवतेय. मी म्हटलं, काकू, तुम्ही त्यांना समजावा. त्या म्हणाल्या, समजावून ती 'बरं' म्हणेल आणि उपाशीच राहील. मीच तोडते तिला. मला शिव्या घालील, पण जेवेल तरी."

मी थर्मासच्या झाकणाकडे बघत बसले. वर्षानुवर्षं जिच्या शेजारी बसले त्या बाईला माझा राग चालत होता, माझी उपासमार चालत नव्हती. आणि तो राग तिने किती सरळ तोंडाने ओढवून घेतला!

"दुसऱ्या दिवसापासून काकू मला त्यांचा पाठ भरून पाठवतात," सून सांगत होती. "रोज. म्हणाल्या, ती दुपारची धड जेवायला लागली, चेहऱ्यावर तेज आलं, की दे तिला. मी रोज तुम्हाला जेवण विचारत होते ते त्यासाठी. आजच देणार होते. खरं सांगू, मी ते डेपोत ऐकते, गाडी काढण्याआधी. मला त्यातलं फार कळत नाही, पण ऐकून निघालं की बरं वाटतं. फक्त रेकॉर्डिंग खराब आहे, आई. मध्येमध्ये आवाज जातो. मी काकूंना सांगितलंसुद्धा, फोन जवळ धरा. तर म्हणतात, राहू दे, ती दुरुस्त करील."

"लाव बघू. पहिल्या दिवसाचं."

तिने लावलं. मास्तरणीचा तो खणखणीत आवाज रिकाम्या बसमध्ये घुमला. पहिली ओवी संपली. पुढे शांत. नाही, अगदी शांत नाही. एक अनोळखी गोड आवाज हळूच म्हणाला, "काकू, ही मी म्हणू का?"

आणि मास्तरीण दबक्या, पण वर्गातल्या आवाजात म्हणाली, "नको. ही ओवी बाहेरगावी गेलीय. येईल."

मग चिमणीची तिसरी. मास्तरणीची चौथी. पुन्हा शांत.

"हे बघा, गेला आवाज," सून म्हणाली आणि फोन हलवायला लागली.

"हलवू नकोस!" मी तिचा हात धरला. "गेला नाहीये तो. ऐक."

त्या शांततेत टक्, टक्, टक् असं बारीक वाजत होतं. मास्तरीण बोटातल्या अंगठीने पितळी फुलपात्रावर ठोके देत होती. वर्गात पाढे म्हणवून घेताना डस्टरने द्यायची तसे. ठोक्यांमागे चिमणीचा श्वास, जरा घरघरता. माझी ओवी जेवढी लांब, बरोब्बर तेवढे ठोके. ते संपले आणि चिमणीने उचललं. तिने तरी किती श्वास सांभाळून ठेवला होता!

"पुन्हा पहिल्यापासून लाव," मी म्हटलं.

मास्तरणीचं शेवटचं अक्षर हवेत असतानाच मी उचललं. मध्ये ती बोलली तिथे मी न अडता म्हणतच राहिले, आणि माझ्या शेवटच्या अक्षरावर चिमणी आली. दोन श्वासांचा उशीर नाही, 'थांब गं' नाही. फट पडली नाही. सून तोंड उघडं टाकून आधी माझ्याकडे आणि मग फोनकडे बघत होती.

"म्हणजे ते खराब नव्हतं?"

मी मान हलवली. माझ्या ओवीत मला बोलता येत नाही.

सात-आठ ओव्या झाल्या असतील, ती घड्याळ बघून उठली. "आई, मला निघायला हवं. तुम्ही चालू ठेवा." आपल्यासाठीसुद्धा तिने बस एक क्षण उशिरा काढली नाही. फोन माझ्या मांडीवर ठेवला, जागेवर जाऊन बसली, आरसा बघितला आणि बस हलली. मी खालच्या आवाजात म्हणत राहिले. लोक चढत होते, माझ्याकडे बघून मान हलवत होते, मीही हलवत होते. शेवटची ओवी मास्तरणीची. ती संपली तेव्हा आम्ही मघाच्याच अरुंद गल्लीच्या तोंडाशी होतो, आणि माझ्या सुनेचे हात चक्रावर अगदी निश्चल होते.

पुढच्या थांब्यावर दार उघडताना तिने मागे न बघता थर्मास माझ्याकडे सरकवला. "झालं ना? आता घ्या चहा."

चहा कोमट झाला होता. मी तो सगळा संपवला.

संध्याकाळी चिरंजीवांनी भीत भीत विचारलं, "तिकिटाचं काय करू?"

"काढ. पण जाऊन-येऊनचं काढ. महिनाभर राहीन आणि परत येईन. इथे बसवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं."

तो बायकोकडे बघायला लागला. ती डब्याचं झाकण शोधत होती.

मग सुनेने मला आवाज भरायला शिकवलं. बोट दाबून धरायचं आणि बोलायचं, एवढंच. मी पहिल्यांदा बोलले, "मास्तरीणबाई, ठोके फार भराभर पडतात तुमचे. आठव्या ओवीला मला पळावं लागलं. आणि गाढव कोण, ते तिकडे आल्यावर ठरवू."

सकाळी उठले तो उत्तर येऊन पडलं होतं. आधी मास्तरीण, "ठोके बरोबर आहेत. तुझा दम कमी झालाय. जेवत जा." मग मागे चिमणीचं हसू, हसण्यातून खोकला, आणि नव्या भाडेकरणीचा गोड आवाज, "काकू, पाणी देऊ?"

त्याच्या खालीच त्या दिवसाचा पाठ होता. मी आंघोळ करून आले, चहाचं आधण मंद आचेवर ठेवलं आणि बसले.